तयारीची किंमत : सूर्याची वीज, तारांवरची जागा आणि संध्याकाळचे चार तास

महावितरणच्या घरगुती वीजबिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि विद्युत शुल्क अशा ओळी एकाखाली एक छापलेल्या असतात. त्यांपैकी पहिल्या दोन ओळी बहुतेक ग्राहक न वाचताच पुढे सरकतात, मात्र वीजव्यवसायाच्या अर्थशास्त्रातला मूळ तंटा त्या दोन ओळींमध्येच आहे. वीज आकार वापरलेल्या युनिटांवर लागतो. युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, म्हणजे हजार वॅटचे उपकरण तासभर चालल्यावर खर्च होणारी ऊर्जा. स्थिर आकार मात्र घराला कुलूप लावून कुटुंब दोन महिने गावी गेले तरी चुकत नाही, कारण तो वापराचा मोबदला नसून तयारीचा आहे : बटण दाबताच दिवा लागावा म्हणून कोठेतरी संच उभा असावा लागतो, तार ओढलेली असावी लागते, रोहित्र बसवलेले असावे लागते. या तयारीला क्षमता म्हणतात आणि ती किलोवॅट किंवा मेगावॅटमध्ये मोजतात. हंड्यात पाणी किती आले हा ऊर्जेचा प्रश्न झाला आणि तोटी केवढी हा क्षमतेचा. सौरऊर्जेच्या काळात धोरणाचा गोंधळ होतो तो हे दोन प्रश्न एकाच भावात उरकण्याच्या हौसेपायी.

हा भेद जुना आहे. इंग्लंडमधील अभियंता जॉन हॉपकिन्सन यांनी १८९२ मध्ये असे मांडले की वीजकंपनीचा खर्च ग्राहकाने किती वीज जाळली यापेक्षा त्याने एका वेळी जास्तीत जास्त किती मागितली यावर ठरतो, म्हणून आकारही दोन भागांत असावा. उद्योगांच्या बिलावर आज दिसणारा मागणी आकार हा त्याच विचाराचा वंशज होय. पुढे फ्रान्सच्या सरकारी वीजकंपनीतील मार्सेल ब्वात्यो यांनी १९४९ मध्ये या विचाराला वेळेची जोड दिली. क्षमता कमी पडते ती ज्या तासांत मागणी शिगेला पोहोचते त्या तासांत, तेव्हा क्षमतेचा भार त्या तासांतल्या वापरावर पडला पाहिजे आणि इतर वेळी ग्राहकाने केवळ इंधनाचा खर्च द्यावा, असे त्यांचे प्रतिपादन होते.

महाराष्ट्राला हा धडा पुस्तकातून शिकण्याची गरज पडली नाही. कोयना प्रकल्पाची स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट आहे, परंतु कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर ६७.५ टीएमसीची मर्यादा घातल्याने ती सगळी यंत्रे वर्षभर चालवणे शक्य नाही आणि तसा हेतूही नाही. कोयनेकडे तोटी मोठी आहे व हंडा बेताचा, म्हणून ती सकाळ-संध्याकाळच्या चढत्या मागणीसाठी राखून ठेवली जाते. कोयनेच्या पोफळी येथील यंत्रांतून निघालेल्या एका युनिटची सरासरी किंमत सांगणारा आकडा त्यामुळे जवळजवळ निरर्थक ठरतो, कारण ते युनिट कोणत्या तासाला निघाले यातच त्याचे खरे मोल असते.

दुसरा धडा महाग पडला. दाभोळ प्रकल्पाचा वीजखरेदी करार डिसेंबर १९९३ मध्ये झाला. वीज उचलली किंवा न उचलली तरी क्षमतेपोटी ठरलेली रक्कम महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने द्यायची होती. १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, महागडी वीज मंडळ शक्य तितकी कमी उचलू लागले, आणि जितकी वीज कमी उचलली गेली तितका ठरलेला क्षमता आकार थोड्या युनिटांवर वाटला जाऊन प्रत्येक युनिटचा भाव चढत गेला. २००१ मध्ये मंडळाने खरेदी थांबवली आणि त्याच वर्षी माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या व्यवहाराची चिरफाड केली. त्या प्रकरणाने मराठी जनमानसात क्षमता आकार हा शब्द बदनाम झाला. दोष त्या संकल्पनेचा नव्हता. नको तेवढी क्षमता, नको त्या अटींवर आणि स्पर्धेविना घेतली गेली, हा होता. परंतु बदनामीचा परिणाम असा झाला की पुढच्या पिढीतील धोरणकर्त्यांना सर्व काही युनिटच्या एका भावात सांगणे सोयीचे वाटू लागले.

नागपूरच्या भोवताली या विषयाची एक मोठी प्रयोगशाळाच पसरलेली आहे. उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा, पूर्वेला मौदा, दक्षिणेला चंद्रपूर अशी कोळशावरची केंद्रे असून त्यांतील चंद्रपूरची क्षमता २,९२० मेगावॅट आणि मौद्याची २,३२० मेगावॅट आहे. कोळशाच्या केंद्राला दोन भागांत पैसे मिळतात. भांडवल, कर्जाचे व्याज, देखभाल, पगार यांसाठी स्थिर आकार मिळतो आणि तो संच साधारणपणे ८५ टक्के वेळ उपलब्ध राहिला की पूर्ण वसूल होतो. प्रत्यक्ष निर्मितीसाठी कोळशाच्या खर्चाइतका चल आकार मिळतो. कोणाची वीज आधी घ्यायची हे ठरवताना राज्य भार प्रेषण केंद्र फक्त चल आकार पाहते, स्वस्त संच आधी आणि महाग संच शेवटी चालवते. स्थिर आकार तर कसाही द्यावाच लागणार असल्याने त्या क्षणी तो हिशेबाबाहेर ठेवणे बरोबर असते. अंबाझरी येथील क्षेत्रीय भार प्रेषण केंद्र विदर्भापुरते हे काम पाहते आणि त्या कामात दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडलेले असतात. सामान्य ग्राहकासाठी विजेला महिन्याचा एकच भाव असतो, तर व्यवस्था चालवणाऱ्यांसाठी दिवसाला शहाण्णव.

सौरऊर्जेने या मांडणीत पाचर मारली. सूर्यप्रकाशाला चल आकार नाही, सगळा खर्च पॅनेल बसवण्याच्या दिवशीच होऊन जातो, आणि तरीही त्याचा मोबदला पंचवीस वर्षे प्रत्येक युनिटमागे ठरलेल्या एकाच दराने दिला जातो. राजस्थानातील भडला येथे २०१७ च्या लिलावात हा दर २ रुपये ४४ पैशांवर आला आणि डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात १ रुपया ९९ पैशांवर. या आकड्यांनी डोळे दिपले, हे समजण्यासारखे आहे. परंतु दुपारी बारा वाजताचे युनिट आणि संध्याकाळी साडेसातचे युनिट यांची तुलना म्हणजे श्रावणातल्या पाण्याची आणि वैशाखातल्या पाण्याची तुलना होय. पवनऊर्जेबाबत ही चूक आधी होऊन गेली होती. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २४ नोव्हेंबर २००३ च्या आदेशाने नव्या पवन प्रकल्पांना पहिल्या वर्षी युनिटमागे ३ रुपये ५० पैसे आणि पुढे दरवर्षी १५ पैसे वाढ असा तेरा वर्षांचा दर दिला. तो दर तासाशी किंवा ऋतूशी बांधलेला नव्हता. सातारा, सांगली, धुळे येथील पवनचक्क्या भरात फिरतात त्या पावसाळ्यात, म्हणजे शेतीपंप बंद आणि पंखे मंद असतात तेव्हा. गुंतवणूक यावी म्हणून तो आदेश आवश्यक होता आणि ती आलीही. पण गरजेच्या वेळी वीज देणाऱ्याला जास्त आणि बिनगरजेच्या वेळी देणाऱ्याला कमी, हा साधा बाजाराचा न्याय त्यात नव्हता.

नागपूरच्या उन्हाविषयीही एक भ्रम दूर करणे इष्ट ठरेल. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांवर गेला की सौर पॅनेलला सुगीचे दिवस आले असे वाटते, परंतु पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. त्याची क्षमता २५ अंश तापमानाला मोजून पाटीवर लिहिलेली असते. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी काचेखालील सिलिकॉन सहज पासष्ट अंशांच्या घरात जाते आणि प्रत्येक जादा अंशामागे उत्पादन एक टक्क्याच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडे अधिक घटत असल्याने पाटीवरच्या शंभर वॅटचे पंच्याऐंशीच्या आसपास उरतात. त्यात धूळ आणि पुढे मृगापासूनचे ढग. वर्षाची गोळाबेरीज केली तर महाराष्ट्रात एक मेगावॅटचा सौर प्रकल्प स्थापित क्षमतेच्या सुमारे १९ टक्के चालतो, म्हणजे वर्षाला साडेसोळा लाख युनिटांच्या आसपास वीज देतो. मुद्दा असा की सौर प्रकल्पाचा मेगावॅट आणि कोराडीचा मेगावॅट हे एकाच नावाचे दोन वेगळे पदार्थ आहेत आणि संध्याकाळी सातला त्यांतील पहिल्याची किंमत शून्य असते.

क्षमतेचे वाटप दोन प्रकारे होऊ शकते : किमतीने किंवा पाळीने. महाराष्ट्राच्या खेड्यात ते पिढ्यान्‌पिढ्या पाळीने होत आले आहे. शेतीपंपांच्या वाहिनीला थ्री-फेज वीज दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास अशी चक्राकार पद्धतीने दिली जाते, आणि ज्या आठवड्यात रात्रीची पाळी येते त्या आठवड्यात हरभऱ्याला किंवा गव्हाला पाणी देण्यासाठी शेतकरी डिसेंबरच्या थंडीत बॅटरी व काठी घेऊन बांधावर उभा असतो; चंद्रपूर-गडचिरोलीकडे त्यात वाघाची भर पडते. ही पाळी कोळशाच्या काळातील होती. रात्री कारखाने थंडावत, संच मोकळे पडत, म्हणून उरलेली क्षमता शेतीकडे वळवली जाई. किमतीच्या भाषेत हे कोणी कधी मांडले नाही, परंतु रात्रीच्या क्षमतेची स्वस्ताई शेतकऱ्याच्या झोपेने भरून काढली जात होती, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे महत्त्व या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. जून २०१७ मध्ये ती आली, राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी येथून तिचा आरंभ झाला, पहिली काही वर्षे ती रखडली आणि मे २०२३ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत तिला वेग आला. ३३/११ केव्ही उपकेंद्रापासून पाच-दहा किलोमीटरच्या आत अर्धा ते पंचवीस मेगावॅटचा प्रकल्प उभारायचा, त्याची वीज त्या उपकेंद्रातूनच शेतीवाहिन्यांना दिवसा द्यायची, आणि जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये, दरवर्षी तीन टक्के वाढीसह द्यायचे, असा तिचा आराखडा आहे. लिलावात दर युनिटमागे तीन रुपयांच्या आसपास आला. एका मेगावॅटला दोन हेक्टर जमीन धरली तर भाडे अडीच लाख होते आणि ते साडेसोळा लाख युनिटांवर वाटले तर युनिटमागे पंधरा पैसे येतात. तीन रुपयांत जमीनमालकाचा वाटा पंधरा पैसे हा आकडा ग्रामसभेत सांगितला गेला पाहिजे, कारण त्याशिवाय सौदा चांगला की वाईट हे गावाला ठरवता येत नाही. काही गावांनी गायरान देण्याला विरोध केला, त्यामागेही हेच आहे : गायरानाला सातबाऱ्यावर भाव नसतो, पण ते ज्यांच्या शेळ्या-गुरांसाठी असते त्यांना वर्षाच्या भाड्यातून काही मिळत नाही.

तरीही निर्णय द्यायचा तर महाराष्ट्राने अक्षय ऊर्जेत आजवर केलेले सर्वांत शहाणपणाचे वाटप हेच आहे. त्याचे कारण दर नाही. विहिरीचे पाणी सकाळी दहाला दिले काय किंवा रात्री दहाला, पिकाच्या लेखी फारसा फरक पडत नाही. उलट दिवसा देणे माणसाला सोयीचे. मागणीच सूर्याच्या तासांत आणून बसवल्याने साठवणुकीचा खर्च वाचतो. ओलिताखालचे शिवार ही महाराष्ट्राला फुकट मिळालेली बॅटरी आहे. वीज जिथे तयार होते तिथेच खर्ची पडत असल्याने दूरच्या वाहिन्यांवरची जागाही मोकळी राहते. योजनेची मर्यादाही याच गुणातून येते : पावसाळ्यात पंप थांबले की त्या उपकेंद्रातून वीज उलट्या दिशेने वर चढू लागते आणि तिला वाट देण्याइतके रोहित्र व वाहिनी तेथे आहे की नाही, हा प्रश्न उपकेंद्रागणिक वेगळा असतो. जागा मर्यादित असेल तर ती प्रथम येणाऱ्याला द्यायची, कमी दर मागणाऱ्याला द्यायची, की जो संध्याकाळीही काही देऊ शकेल त्याला द्यायची, याचे उत्तर नियमांत अजून पुरेसे स्पष्ट नाही.

शहरांत आणि उद्योगांत मात्र पाळी चालत नाही, तेथे भावच बोलतो. महाराष्ट्रात उद्योगांसाठी वेळेनुसार दर पूर्वीपासून होता आणि त्यात रात्री दहा ते सकाळी सहा या काळात युनिटमागे दीड रुपया सवलत, तर सायंकाळी सहा ते दहा या वेळात १ रुपया १० पैसे जादा आकार असे. बुटीबोरी किंवा हिंगण्यातील भट्टीवाल्याने तिसरी पाळी लावली ती त्या दीड रुपयाकडे पाहून. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून सूर्याच्या आठ तासांतील दर सामान्य दरापेक्षा किमान २० टक्के कमी असावा, तर शिगेच्या मागणीच्या वेळी उद्योग-व्यापाराला तो किमान एक पूर्णांक दोन दशांश पट असावा असे घातले. सवलत रात्रीकडून दुपारकडे सरकली. महाराष्ट्रात १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळेतील वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत जाहीर झाली. दिशा योग्य आहे. परंतु मार्च २०२५ च्या दर आदेशाच्या वाट्याला स्थगिती, पुनर्विलोकन आणि न्यायालय असे सगळे आले, आणि भट्टीची पाळी किंवा पिठाच्या गिरणीची वेळ बदलणाऱ्या माणसाला भाव काय आहे यापेक्षा तो किती वर्षे टिकणार आहे, हे आधी कळावे लागते. दिवसा घराबाहेर असलेल्या नोकरदाराला आणि संध्याकाळी सातला दुकानाचे दिवे लावणाऱ्याला या सवलतीचा फारसा उपयोग नाही, हेही मान्य केले पाहिजे.

छतावरच्या सौर संचांचा वाद याच गाठीचा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान मिळते आणि नागपूरकरांनी तिला चांगला प्रतिसाद दिला. नेट मीटरिंगमध्ये दुपारी जाळ्यात टाकलेले युनिट रात्री एकास एक परत उचलता येते. घरमालकाला ते आपलेच युनिट परत घेतल्यासारखे वाटते. वस्तुस्थितीत दुपारचे युनिट दुपारीच कोणीतरी वापरलेले असते आणि रात्रीचे कोराडीहून आलेले असते. ही अदलाबदल आजवर इतर ग्राहकांच्या खर्चाने चालली आहे. छोट्या घरांपुरती ती चालू राहावी, कारण त्यांचा भार थोडा आहे आणि त्यांना दिलेला शब्द पाळला गेला पाहिजे. मोठ्या व्यापारी छतांना मात्र दुपारचे युनिट दुपारीच वळते करण्याचा नियम लावण्यात अन्याय नाही.

मग संध्याकाळचे काय? राज्याची मागणी दुपारी सौरऊर्जेने खाली दबते आणि सूर्य कलताच ताठ वर चढते. या आलेखाला जगभर बदकाच्या आकृतीचे नाव मिळाले आहे. दुपारी कोळशाचे संच शक्य तितके खाली आणावे लागतात, परंतु ५५ टक्क्यांच्या खाली ते नेणे आज कठीण असून केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनी ही पातळी टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांवर आणण्यास सांगितले आहे. कोराडीचा ६६० मेगावॅटचा एक संच ५५ टक्क्यांवर ३६३ मेगावॅट देत राहतो, तो केवळ संध्याकाळी हजर असावा म्हणून. उदाहरणादाखल, ८५ टक्के चालताना ज्या केंद्राचा स्थिर खर्च युनिटमागे दीड रुपया पडतो, ते सरासरी ५५ टक्केच चालले तर तोच खर्च २ रुपये ३२ पैसे होतो. सौरऊर्जा स्वस्त आणि कोळसा महाग होत चालला आहे या वाक्यातील दुसऱ्या अर्ध्याचा काही भाग पहिल्या अर्ध्यानेच घडवलेला असतो.

बॅटरीच्या लिलावांनी या बाबतीत अनवधानाने एक मोठे काम केले : त्यांनी तयारीला तिचा स्वतंत्र भाव दिला. ऑगस्ट २०२२ मध्ये भारतीय सौरऊर्जा महामंडळाच्या पहिल्या मोठ्या लिलावात दोन तास चालणाऱ्या साठवणुकीसाठी महिन्याला मेगावॅटमागे १० लाख ८३ हजार रुपये दर आला. २०२४ अखेर केंद्राच्या अनुदानासह तो सव्वादोन लाखांच्या घरात उतरला. एक मेगावॅटची अशी बॅटरी रोज एकदा रिकामी केली तर महिन्याला साठ हजार युनिटे निघतात. गळती बाजूला ठेवली तर जुन्या दराने साठवणुकीचा खर्च युनिटमागे अठरा रुपये पडला असता, नव्या दराने तो पावणेचार रुपये पडतो, आणि दिवसातून दोनदा वापर झाला तर याच्या निम्मा. त्यात दुपारच्या विजेचे तीन रुपये मिळवले की सूर्याच्या विजेची संध्याकाळची खरी किंमत पाच ते सात रुपयांच्या मध्ये कोठेतरी येते. हा आकडा घाबरवणारा नाही. फसवणूक होते ती तीन रुपयांचा आकडा सांगून तयारीचा खर्च वेगवेगळ्या ओळींत विखुरला जातो तेव्हा. नगर-ठाणे सीमेवरील घाटघरचा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प, जो स्वस्त विजेच्या वेळी पाणी वर चढवतो आणि गरजेच्या वेळी खाली सोडतो, तो महाराष्ट्राला हेच काम गेली अनेक वर्षे करून दाखवीत आहे.

तारांवरच्या जागेचाही असाच हिशेब व्हायला हवा. चंद्रपूरहून पडघ्याला जाणारी सुमारे ७५० किलोमीटरची उच्चदाब एकदिश वाहिनी १९९९ पासून विदर्भाची १,५०० मेगावॅटपर्यंतची वीज पश्चिमेकडे नेते. धूर आणि राख इकडे, दिवे तिकडे, ही तक्रार जुनी आहे आणि महावितरणचा किरकोळ दर भंडाऱ्यापासून भांडुपपर्यंत एकच असल्याने तिला आर्थिक उत्तर कधी मिळाले नाही; २०१६ पासून विदर्भ-मराठवाड्यातील उद्योगांना दिलेली सवलत हे राजकीय उत्तर होते. परंतु आता त्याच वाहिन्या आणि कोळसा केंद्रांची तीच आवारे विदर्भाची ठेव ठरू शकतात. ज्या जोडणीवर दुपारी कोळशाचा संच अर्ध्यावर असतो तेथे उरलेली जागा सौर प्रकल्पाला आणि संध्याकाळी बॅटरीला देता येते. एकच जोडणी सूर्याच्या तासांत एकाला आणि इतर तासांत दुसऱ्याला देण्याचा विचार केंद्रीय आयोगाच्या पातळीवर पुढे आला आहे. तारेवरची जागा ही मालकी नसून वेळ आहे, असे मानल्याशिवाय हे जमणार नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात श्रमखात्याचे सदस्य असताना १९४३ मध्ये वीजपुरवठ्याच्या धोरण समितीपुढे बोलले, तेव्हा स्वस्त आणि मुबलक वीज ही औद्योगिकीकरणाची, आणि औद्योगिकीकरण ही दारिद्र्यातून सुटकेची अट म्हणून त्यांनी मांडली होती. स्वस्त आणि मुबलक यांपैकी दुपारपुरते दोन्ही आता साध्य झाले आहे. संध्याकाळी ते साध्य करण्याचा खर्च कोणी उचलायचा, याचा निर्णय मात्र उघडपणे व्हायला हवा, आणि गरिबाच्या पहिल्या शंभर युनिटांना त्याची झळ लागू नये हे त्यात आधी लिहून ठेवायला हवे.

नियामक आयोग दरप्रस्तावांवर हरकती मागवतो, त्या मराठीत पाठवता येतात आणि त्यासाठी वकील लागत नाही. पुढच्या दरप्रस्तावाच्या वेळी विदर्भातील ग्राहक संघटनांनी, शेतकऱ्यांनी आणि बुटीबोरीच्या उद्योजकांनी किमान एवढी एक मागणी लेखी करावी : संध्याकाळी सहा ते दहा या चार तासांसाठी राज्याने कोणती क्षमता, कोणाकडून, मेगावॅटमागे महिन्याला किती रुपयांना राखून ठेवली आहे, याचा तक्ता आदेशात स्वतंत्र पानावर छापला जावा.